तुंगेची ढुशी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बहिणीलासुद्धा नाही — आणि तिला मी शेजारपाजारच्या सगळ्या भानगडी फोनवर सांगून मोकळी होते, त्यामुळे माझ्या पोटात काही राहत नाही असाच सगळ्यांचा समज आहे. राहतं. एक गोष्ट राहिली आहे, किती वर्षं झाली तरी. देवापुढं हात जोडते तेव्हाही मी तिला वळसा घालून पुढं जाते, जणू देवाला काही कळतच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही आणि ह्यांच्यासमोर कधी बसणार नाही. हे म्हणजे माझे यजमान. बघा — सुरुवातीलाच भित्रेपणा दिसला ना?

दुधापासून सांगते. हाही वळसाच आहे, पण मला एकदम तिथं जाता येत नाही.

नव्वदीची सुरुवात होती. ह्यांची नोकरी बंगळुरात, एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून. साताऱ्याहून आम्ही आलो ते चामराजपेटेत, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. खाली घरमालकीण तुळसक्का. ती मराठीच, पण तिचे पूर्वज कधीकाळी इकडं आले आणि इकडचेच झाले. तिच्या मराठीत निम्मं कानडी असायचं. ती 'स्वल्प थांब की गं' म्हणाली की मी मनातल्या मनात नाक मुरडायची. आपली तेवढी भाषा शुद्ध, अशी मोठी ऐट होती मला.

गल्लीत दूध घालायला जयम्मा यायची. पाकिटातलं दूध मिळत होतं, पण तुळसक्काचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. आणि जयम्मा दूध घेऊन यायचीच नाही — गाय घेऊन यायची. पुढं गाय, मागं वासरू. आमच्या गेटच्या गजाला दावं बांधायची, मग चरवी उपडी करून दाखवायची — बघा, आत पाण्याचा थेंब नाही. वासराला जरा लुचू द्यायची, पान्हा फुटला की त्याला बाजूला ओढायची आणि आपल्या डोळ्यांदेखत धार काढायची. रोजच्या ओळखीच्या दारातसुद्धा रोज चरवी उपडी. एकदा मी माझ्या मोडक्या कानडीत म्हटलं, 'अगं, आम्ही काय तुला चोर समजतो का?' तर हसून म्हणाली, 'आधी दाखवलं की नंतर बोलणं नाही, अम्मा.'

गाईचं नाव तुंगा. काळीपांढरी, थोराड, एक शिंग जरासं आत वळलेलं. गल्लीतली पोरं तिच्या पोटाखालून चेंडू काढायची आणि ती आपली रवंथ करत उभी.

आता ओंकारचं सांगायला हवं. माझा मुलगा. तेव्हा पाच वर्षांचा होता आणि एक शब्द बोलत नव्हता. हाक मारली तर वळून बघायचा नाही. मिक्सर लावला, कुकरची शिट्टी झाली, कुणी पाहुणा आला — की कान दाबून किंचाळायचा आणि भिंतीवर डोकं आपटायचा. मिठीत घेतलं तर लाकडासारखा ताठ व्हायचा. आज ह्याला नाव आहे, शाळा आहेत, पुस्तकं आहेत. तेव्हा आमच्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं. दुसरे म्हणाले, बोलेल हळूहळू, मुलगे उशिरा बोलतात. तिसऱ्यांनी ह्यांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, तुम्ही याला तान्हेपणी पुरेसं जवळ घेतलं होतं का? आईची ऊब मिळाली नाही की मुलं अशी मिटून जातात, म्हणाले. मी घरी आले आणि ह्यांना सांगितलं, डॉक्टर विशेष काही बोलले नाहीत.

तर असा हा ओंकार एका सकाळी जिना उतरून गेटपाशी गेला. मी मागं धावले, कारण गाय दिसली की हा आता किंकाळी फोडणार. तो सरळ तुंगेपाशी गेला आणि तिच्या पोटावर कपाळ टेकवून उभा राहिला. तिचा श्वास वरखाली होत होता, तसा तोही डोलायला लागला. मग त्याच्या घशातून एक बारीक गुणगुण यायला लागली. मी जिन्याच्या पायरीवरच बसून ऐकत राहिले. माझ्या मुलाचा किंकाळी सोडून दुसरा कुठला आवाज मी ऐकलाच नव्हता.

मग ते रोजचंच झालं. तुंगेपाशी उभा राहिला की त्याचा पुढचा दिवस बरा जायचा. खायचा, आंघोळीला त्रास द्यायचा नाही. मी लबाडी शिकले — त्याची नखं कापायची असली, केसातून कंगवा फिरवायचा असला, की ते सगळं तुंगेपाशी उरकायचं. एरवी नखं कापायला तिघं लागायची. तिथं तो हात सैल सोडून द्यायचा. जयम्मालाही त्याचं कौतुक. धार काढून झाली की ती दूध मापायला आत तुळसक्काच्या स्वयंपाकघरात जायची, वासरालाही मागच्या अंगणात चाऱ्याला न्यायची आणि गाय तशीच गेटला बांधून ठेवायची, मुद्दाम, ओंकारला तेवढा वेळ मिळावा म्हणून. तिनं कधी त्याचे पैसे मागितले नाहीत की उपकार बोलून दाखवले नाहीत.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झालाही. पहिले काही महिने झाला. मग तो आंबायला लागला. कसं सांगू? मी त्याला नऊ महिने पोटात वाढवला, रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरवला, आणि तो माझ्या स्पर्शानं ताठ होतो आणि एका जनावराच्या अंगावर विरघळतो. ज्या ऊबेबद्दल डॉक्टरांनी मला विचारलं, ती त्याला गेटाबाहेर शेणाच्या वासात सापडते. मग मी काय आहे? मला त्या गाईचा मत्सर वाटायला लागला. हसाल तुम्ही. सवतीचा मत्सर लोकांना समजतो. गाईचा कुणाला सांगायचा?

त्या दिवाळीत मी वसुबारस करायची ठरवली. साताऱ्याला आई दरवर्षी करायची — मुलाबाळांच्या सुखासाठी उपास आणि संध्याकाळी गायवासराची पूजा. इकडं गुरांचं कौतुक संक्रांतीला. दिवाळीत गाईची पूजा म्हटल्यावर जयम्माला नवल वाटलं. पण संध्याकाळी तुंगेला धुऊन, शिंगांना हळद लावून, वासराच्या गळ्यात झेंडूची माळ घालून ती हजर. मी नऊवारी नेसून तबक घेऊन खाली आले. तुंगेच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. ओंकारला हात धरून पुढं घेतलं, म्हटलं, नमस्कार कर बाळा. त्यानं माझा हात झटकला. तुंगेच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तिच्या मानेवर गाल ठेवला. माळेतली फुलं त्याच्या केसांत अडकली.

तुळसक्का दारात उभी होती. कौतुकानं म्हणाली, 'बघ गं, ह्याची खरी आई हीच की! तू आपली सांभाळायला ठेवलेली.'

सगळे हसले. हेही हसले. मीसुद्धा हसले. तिच्या मनात काही नव्हतं, चेष्टा होती, ती सगळ्यांचीच चेष्टा करायची. पण मी दिवसभर गवारीच्या भाजीवर आणि भाकरीवर राहिले होते त्याच्यासाठी, आणि ते वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं.

दुसरा दिवस धनत्रयोदशीचा. सकाळी जयम्मा आली, धार काढली, वासरू घेऊन दूध द्यायला आत गेली. हे वर आंघोळीला गेलेले. ओंकार तुंगेपाशी. मी त्याला न्यायला खाली आले, नवे कपडे घालायचे होते. हाक मारली. पुन्हा मारली. तेव्हा मला दिसलं — त्यानं तुंगेचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं आणि तो तिच्या डोळ्यांत बघत होता. सरळ डोळ्यांत. पाच वर्षांत त्यानं माझ्याकडं एकदाही तसं पाहिलं नव्हतं. मी त्याची हनुवटी धरून, गाणी म्हणून, खाऊ नाचवून, रडून बघितलं होतं, आणि तो माझ्या कानाच्या पलीकडं कुठंतरी बघत राहायचा.

मी त्याचा दंड धरून ओढला. तो किंचाळला आणि माझ्या मनगटाला कडकडून चावला. आणि मी —

मी त्याला ढकललं. हात सोडवण्यासाठी नव्हे. राग येऊन, दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ढकललं. तो मागं गेला आणि गेटच्या दगडी खांबाच्या कडेवर आपटला. डाव्या भुवईच्या वर फाटलं. रक्त डोळ्यात उतरलं, शर्टावर सांडलं. पाच वर्षांचं पोर.

ह्यांनी त्याची किंकाळी ऐकली. टॉवेल गुंडाळून जिन्यावरून धावत आले. तुळसक्का आली, जयम्मा आली. आणि कुणी काही विचारायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं — 'गाईनं ढुशी मारली.'

मी हे ठरवलं नव्हतं. पण ठरवलं नव्हतं म्हणून काय झालं? पुढचा प्रत्येक शब्द मी ठरवूनच बोलले.

 जयम्मा तुंगेकडं गेली, तिची शिंगं हातांनी चाचपली, आपले तळवे उलटसुलट करून बघितले. तळव्यांना कालची हळद लागली होती, बाकी काही नाही. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, 'नम्म तुंगा, आमची तुंगा असं करायची नाही, अम्मा. तुम्ही पाहिलंत?'

तेव्हा अजून सगळं परतवता येत होतं. ती मला संधी देत नव्हती, तिला काही ठाऊक नव्हतं. ती फक्त विचारत होती. हे ओंकारच्या जखमेवर टॉवेल दाबून उभे होते आणि माझ्याकडं बघत होते. मी मनगटावर पदर ओढून घेतला आणि म्हटलं, 'हो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.'

 तिनं बाजूला पडलेली काठी उचलली आणि तुंगेच्या तोंडावर मारली. मी तिला त्या गाईवर हातसुद्धा उगारताना कधी पाहिलं नव्हतं. आम्हाला दाखवायला मारत होती — बघा, मी शिक्षा केली, आता तरी राग धरू नका. तुंगा दाव्याला हिसका देऊन मागं सरली आणि फटके खात उभी राहिली. ओंकार ह्यांच्या हातातून सुटायला धडपडत होता, रक्तानं माखलेलं तोंड करून तिच्याकडं झेपावत होता. ह्यांना वाटलं, पोर घाबरलंय. त्यांनी त्याला आणखी घट्ट धरलं आणि वर नेलं. जयम्मा मारता मारता रडत होती. मी बघत उभी होते. 'मुकी बिचारी कुणी हाका' म्हणतात — तिथं मुकी दोन होती, आणि त्या दोघांच्याही वतीनं बोलणारी मी.

टाके पडले. डॉक्टर म्हणाले, शिंग डोळ्याला लागलं नाही हे नशीब. मी मान डोलावली.

जयम्माला ह्यांनी सांगितलं, पुन्हा गाय गेटपाशी आणायची नाही. तुळसक्का आधी कुरकुरली — 'माझी नातवंडं तिच्या अंगाखाली खेळली गं, कधी शेपूट नाही हाणली तिनं.' मग माझ्याकडं बघून म्हणाली, 'तू पाहिलंस म्हणतीस, सरी, बरोबरच असणार. मग काय बोलायचं.' तिनंही पाकीट सुरू केलं. मारकी गाय म्हणून गल्लीभर झालं. एकेक दार बंद झालं. पुढं कळलं की जयम्मानं तुंगेला बंगळुराबाहेर, आनेकलला कुणा नातेवाइकाकडं पाठवून दिलं. रोज चरवी उपडी करून दाखवणारी बाई ती, आणि माझ्या एका वाक्यासाठी कुणी माझ्याकडं काहीच उपडं करून मागितलं नाही. आईच्या शब्दाला पुरावा कोण मागणार?

आनेकलला मार्केटातून बस जायची. मी भाजी आणायला तिथंच जात होते, बसची पाटी वाचत होते. कधी चढले नाही.

आणि ओंकार? जखम भरायच्या आधीच तो सकाळी उठून गेटपाशी जायला लागला. जिथं तुंगा बांधलेली असायची तिथं, त्या गजाला, कपाळ टेकवून उभा राहायचा. गुणगुणायचा नाही. थोड्या वेळानं कपाळ आपटायला लागायचा. मी वर उचलून आणायची. नखं कापायला पुन्हा तिघं लागायला लागली. हे किती महिने चाललं ते मी विसरले म्हणते — विसरलेले नाही, सांगवत नाही.

वाटलं असेल तुम्हाला, एवढंच. एवढंच असतं तर रागाच्या भरात झालं म्हणून मी स्वतःची समजूत घातली असती. पण दुसरी वेळ शांत डोक्यानं केलेली आहे.

नव्वदीच्या अखेरीला ओंकारसारख्या मुलांसाठी गावाबाहेर एक लहानशी शाळा निघाली. कुणीतरी ह्यांना पत्ता दिला. तिथं सुमा मिस म्हणून एक तरुण बाई होत्या. शाळेच्या आवारात एक म्हातारी घोडी आणि दोन कुत्रे पाळलेले. मिसनी समजावून सांगितलं, की काही मुलांना माणसांपेक्षा जनावरांची सोबत सोपी जाते. जनावर प्रश्न विचारत नाही, चेहरा बदलत नाही, उत्तराची वाट बघत नाही. मूल त्याच्यापाशी सैल होतं, आणि मग त्या वाटेनं आपल्यालाही त्याच्यापर्यंत जाता येतं. म्हणजे तुंगा माझ्या आणि त्याच्या मध्ये आलीच नव्हती. ती माझ्याकडं येणारी वाट होती. हे मला एका परक्या मुलीनं, खुर्चीवर बसवून, गोड आवाजात सांगितलं. तिला काय माहीत ती काय सांगते आहे.

मग तिनं विचारलं, 'घरी किंवा शेजारी कधी कुठल्या जनावराशी त्याचं जमलं होतं का?'

हे लगेच म्हणाले, 'नको नको, जनावर नको. लहानपणी गाईनं मारलंय त्याला. हा बघा व्रण.' आणि माझ्याकडं बघितलं.

मिसही माझ्याकडं बघत होत्या. खिडकीबाहेर एका मुलीला घोडीवर बसवत होते. ओंकार त्या खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून उभा होता, आणि कित्येक वर्षांनी त्याच्या घशातून ती बारीक गुणगुण येत होती. मला ती ऐकू आली. मला एकटीलाच तिचा अर्थ माहीत होता.

मी म्हटलं, 'हो. त्याला जनावरांची फार भीती वाटते.'

का म्हटलं? माझी अब्रू वाचवायला. दुसरं काही कारण नाही. मी खूप शोधलं. सुमा मिसनी मान हलवली आणि त्याला जनावरांपासून लांब, मणी ओवणाऱ्या मुलांत बसवलं. जितकी वर्षं तो तिथं गेला तितकी वर्षं त्यानं मणी ओवले. त्याच्या हातच्या माळा शाळेतून घरी यायच्या. मी त्या कौतुकानं गळ्यात घातल्या आहेत.

आज ओंकार उंच झाला आहे, दाढी राखतो, म्हणजे आम्ही राखतो, वस्तऱ्याला तो जवळ येऊ देत नाही. बोलत नाही. डोळ्यांत बघत नाही. डाव्या भुवईत एक जागा केसांविना आहे. त्याला भरवताना मी उजव्या बाजूला बसते.

दर वसुबारसेला मी अजून उपास करते. चांदीचं छोटं गायवासरू आणलं आहे, त्याच्यावर कुंकू वाहते. त्याच हातानं.

हे निवृत्त झाले. संध्याकाळी ओंकारला फिरायला नेतात, मी मागून चालते. रस्त्यात गाय दिसली की हे त्याचा दंड धरून पलीकडच्या बाजूला नेतात, स्वतः मध्ये राहतात, हातातली छत्री आडवी धरतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, मुलाला वाचवतो आहे. ओंकारची मान मागं वळलेली असते, गाय दिसेनाशी होईपर्यंत.

परवा देवळाजवळ एक काळीपांढरी गाय बसली होती. ओंकार थांबला, हलेना. शेजारून एक बाई जात होत्या, त्या म्हणाल्या, 'जाऊ द्या की जवळ, गरीब आहे ती, रोज इथंच असते.' ह्यांनी त्याला मागं ओढलं आणि म्हणाले, 'नको हो. लहानपणी गाईनं मारलंय त्याला. हिनं डोळ्यांनी पाहिलंय.'

आणि माझ्याकडं बघितलं.

मी 'हो' म्हणाले.